गल्ल्याचा हिशोब रोज, घराचा हिशोब कधी?
वारसा, वसीयत आणि हिबा : व्यापारी व कारागीर कुटुंबांसाठी काही जरुरी गोष्टी

त्र्यंबकेश्वरात कापडाचा धंदा करणाऱ्याचे दुकान यात्रेकरूंवर चालते. नारायण नागबळीसाठी येणाऱ्या यजमानाला कोरे धोतर, पंचा आणि उपरणे लागते, घरच्या बाईला कोरी साडी लागते. मालेगाव आणि इचलकरंजीचा माल आम्ही आणतो आणि विकतो. संध्याकाळी शटर अर्धे ओढले की गल्ला मोजायचा, उधारीची वही पाहायची, दुसऱ्या दिवशी कोणाला किती द्यायचे ते ठरवायचे. ही शिस्त आम्हाला वाडवडिलांनी लावली. एका दिवसाचा हिशोब चुकला तर रात्री झोप लागत नाही.

पण आपल्यापैकी किती जणांनी उभ्या आयुष्याचा हिशोब कागदावर मांडला आहे? दुकान कोणाच्या नावावर आहे, घराचा उतारा कोणाच्या नावाचा आहे, कोणाचे किती देणे आहे, बायकोची मेहर दिली की नाही, आणि उद्या डोळे मिटले तर कोणाला काय मिळणार? हे प्रश्न घरात काढले की वडीलधारी मंडळी म्हणतात, "असले अशुभ का बोलता?" आणि विषय तिथेच बंद होतो.

हा लेख तो बंद विषय उघडण्यासाठी आहे.

एका दुकानाची गोष्ट

आमच्या ओळखीतील एक कापड दुकानदार काही वर्षांपूर्वी वारले. मागे बेवा, तीन मुलगे आणि दोन मुली. थोरला मुलगा दहावीनंतर वडिलांबरोबर गादीवर बसला आणि बावीस वर्षे बसला. पगार नाही, भागीदारी नाही, घरखर्च गल्ल्यातून. धाकटे दोघे शिकून नोकरीला लागले. मुली लग्न होऊन गेल्या.

चाळिसावा झाला आणि तंटा सुरू झाला. थोरला म्हणाला, "दुकान मी वाढवले, दुकान माझे." धाकटे म्हणाले, "माल अब्बांचा होता, तिघांचा सारखा वाटा." बहिणींना कोणी विचारलेच नाही. दुकान भाड्याचे होते आणि भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने फाटत होती. व्यापाऱ्यांचे देणे किती आणि येणे किती, हे मरहूम यांच्या डोक्यात होते आणि त्यांच्याबरोबर कबरीत गेले. दोन हंगाम दुकानाला कुलूप राहिले. आतला माल जुना झाला, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले. ज्या दुकानाने सात माणसांना पोसले, ते सात माणसांच्या भांडणात बुडाले.

त्या घरात कोणी लबाड नव्हते. कायदा काय सांगतो हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि मरहूम यांनी एक ओळ लिहून ठेवली नव्हती.

पहिली गैरसमजूत : एकत्र कुटुंब

आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून "एकत्र कुटुंब" हा शब्द उचलला आहे. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत असते आणि वडिलार्जित मिळकतीत अपत्याला जन्मतः हक्क मिळतो. मुस्लिम कायद्यात तसे नाही. बाप हयात आहे तोवर त्याची मिळकत त्याची एकट्याची आहे, मग ती त्याने कमावलेली असो की त्याच्या बापाकडून आलेली असो. मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूच्या क्षणी निर्माण होतो, त्याआधी नाही. आणि त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला व वेगळा असतो. थोरला भाऊ "कर्ता" होत नाही. दुसऱ्याचा हिस्सा विकण्याचा त्याला अधिकार नाही.

याचा अर्थ असा की बावीस वर्षे राबलेल्या थोरल्या मुलाला, लेखी भागीदारी नसेल तर, धाकट्याइतकाच हिस्सा मिळतो. त्याच्या मेहनतीची भरपाई करायची तर ती बापाने हयातीतच केली पाहिजे. पगार लावा, भागीदार करा, नाहीतर काही हिबा करा.

मुलींचा हक्कही सहज पदरात पडलेला नाही. १८४७ साली मुंबईत खोजा आणि मेमन घराण्यांतील मुलींनी बापाच्या मिळकतीत शरीअतप्रमाणे हिस्सा मागितला. सर अर्स्किन पेरी यांच्या न्यायालयाने रूढी मोठी मानली आणि मुली हरल्या. पुढे तब्बल नव्वद वर्षांनी, १९३७ च्या शरीअत कायद्याने रूढीला बाजूला सारून मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू केला. मात्र शेतजमिनीचे प्रश्न त्या कायद्याच्या शब्दांतून वगळलेले आहेत. तेव्हा ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी जाणकार वकिलाला विचारूनच कागद करावा. तसेच ज्यांचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला आहे, त्यांना वारशाच्या बाबतीत भारतीय वारसा कायदा लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

चार पायऱ्या

मय्यताच्या मालमत्तेचा हिशोब चार पायऱ्यांनी होतो आणि त्यांचा क्रम बदलत नाही.

पहिली, कफन-दफनाचा खर्च. दुसरी, सर्व कर्ज. बायकोची न दिलेली मेहर हेही कर्जच आहे, हे पुष्कळजण विसरतात. तिसरी, वसीयत, पण उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच. चौथी, वारसांचे हिस्से.

हिस्से कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये, आयत ११, १२ आणि १७६ मध्ये ठरवून दिलेले आहेत. मुलेबाळे असतील तर बायकोला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. नवऱ्याला मुले असतील तर एक चतुर्थांश, नसतील तर निम्मे. मुले असताना आई आणि बाप हयात असतील तर प्रत्येकी एक षष्ठांश. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलगा नसेल आणि एकच मुलगी असेल तर तिला निम्मे, दोन किंवा अधिक मुली असतील तर सर्वांना मिळून दोन तृतीयांश. हा हिशोब सुन्नी हनफी पद्धतीचा आहे. शिया बांधवांच्या नियमांत काही फरक आहेत.

आता आकड्यांत पाहू. समजा एका व्यापाऱ्याची घर, माल आणि रोकड मिळून ६४ लाखांची मालमत्ता आहे. दफनखर्च, व्यापाऱ्यांचे देणे आणि मेहर मिळून ४ लाख गेले. राहिले ६० लाख. त्यातून वसीयत जास्तीत जास्त २० लाखांची होऊ शकते. त्याने तेवढी केली असे धरू. राहिले ४० लाख. आईबाप हयात नाहीत, मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. बायकोला एक अष्टमांश म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांचे पाच भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे १४ लाख, मुलीला एक भाग म्हणजे ७ लाख. झाले ४० लाख. इतका साधा हिशोब आहे. तंटा होतो तो हिशोब अवघड आहे म्हणून नव्हे, तो कोणी मांडत नाही म्हणून.

वसीयत कोणासाठी?

हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आजारपणात आपल्या मालाचा मोठा भाग खैरात करण्याची इच्छा दाखवली, तेव्हा त्यांना एक तृतीयांशापर्यंतच परवानगी मिळाली, आणि तेही पुष्कळ असल्याचे सांगण्यात आले. आपल्या न्यायालयांतही हाच नियम चालतो. याहून जास्त वसीयत केली तर ती वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. सुन्नी कायद्यात वारसाच्याच नावे वसीयत केली असेल, तर मृत्यूनंतर बाकीच्या वारसांनी संमती दिली पाहिजे. म्हणून "थोरल्याला दुकान वसीयत करतो" असे लिहून काम भागत नाही.

मग वसीयत कोणासाठी? ज्याला वारसा मिळत नाही, पण ज्याच्याकडे पाहणे आपले कर्तव्य आहे, त्याच्यासाठी. सर्वात मोठे उदाहरण यतीम नातवंडांचे. बापाच्या आधी मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल तर मेलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबाच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. आजोबाने त्यांच्यासाठी वसीयत केली तर त्यांचे शिक्षण होते. नाही केली तर ती चुलत्याच्या दारात उभी राहतात. त्याचप्रमाणे सांभाळलेले, दत्तक म्हणून वाढवलेले मूल, जुना इमानदार नोकर, मदरसा किंवा दवाखाना यांच्यासाठीही वसीयत करता येते.

मुस्लिम कायद्यात वसीयत तोंडीही चालते. पण तोंडी वसीयत शाबीत करणे म्हणजे वारा मुठीत धरणे. कागदावर लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. वसीयतनाम्याला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला तर पुढे वाद कमी होतो.

हिबा : द्यायचे तर द्या

हयातीत दिलेल्या बक्षिसाला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. पण हिब्याच्या तीन अटी आहेत : देणाऱ्याने दिले म्हणणे, घेणाऱ्याने स्वीकारणे, आणि ताबा देणे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १२९ ने मुस्लिम हिब्याला नोंदणीच्या सक्तीतून सूट आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. तरीसुद्धा मी सांगेन, घर किंवा दुकानगाळा देताना नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. उताऱ्यावर नाव चढवताना तोच कागद उपयोगी पडतो. राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडे यांना बक्षीस देताना महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. सध्याचा दर कार्यालयात विचारून घ्यावा.

पुष्कळ हिबे न्यायालयात पडतात ते तिसऱ्या अटीवर. कागद मुलाच्या नावे केला, पण भाडे बापच वसूल करीत राहिला, घरपट्टीची पावती बापाच्याच नावाने राहिली, तर ताबा दिला असे कोण म्हणेल? दुसरी चूक म्हणजे वाटणी न झालेल्या मिळकतीचा हिस्सा हिबा करणे. आधी वाटणी करावी, मग द्यावे. तिसरी चूक म्हणजे मरणशय्येवर सह्या करून घेणे. मर्जुल-मौत म्हणजे शेवटच्या आजारात दिलेले बक्षीस वसीयतीसारखेच धरले जाते आणि त्याला एक तृतीयांशाची मर्यादा लागते. शिवाय, एका मुलाला सर्व देऊन बाकीच्यांना कोरडे ठेवणे कायद्यात बसले तरी इन्साफात बसत नाही.

काहीजण मिळकत वक्फ-अलल-औलाद करण्याचा विचार करतात. १९१३ मध्ये बॅरिस्टर जिना यांनी मांडलेल्या विधेयकाने अशा वक्फला कायद्याचा आधार मिळाला होता. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात मात्र स्पष्ट लिहिले आहे की अशा वक्फमुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा हक्क डावलला जाता कामा नये.

भाड्याचे दुकान, भागीदारी आणि जीएसटी

आपल्यापैकी बहुतेकांची दुकाने भाड्याची किंवा पागडीची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. असा कोणी नसेल तर वारसांनी आपसात ठरवावे, न ठरल्यास न्यायालय ठरवते. भाडेहक्क वसीयतीने दुसऱ्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली सांगितले आहे.

वर सांगितलेल्या गोष्टीत म्हणूनच दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते. जागेचा भाडेहक्क थोरल्याकडे जाणे शक्य होते, पण आतला माल आणि येणे यांत आई, भाऊ आणि बहिणी सर्वांचा हिस्सा होता. हे पहिल्या दिवशी कोणी समजावले असते तर कुलूप लागले नसते.

भागीदारी असेल तर करारपत्र काढून वाचा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. "मृत्यूनंतर उरलेले भागीदार धंदा चालू ठेवतील आणि मरहूम भागीदाराचा हिशोब अमुक मुदतीत वारसांना देतील" असे कलम घालून घ्या. भागीदार दोघेच असतील तर एकाच्या जाण्याने भागीदारी उरतच नाही, म्हणून मुलाला वेळेवर तिसरा भागीदार करून घेणे शहाणपणाचे. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर वारसाला नवा जीएसटी नंबर घ्यावा लागतो आणि जुन्या खात्यातील शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून वळते करावे लागते. जुन्या कराची जबाबदारीही धंदा चालवणाऱ्यावर येते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत, पतपेढीत, शेअर्समध्ये नाव लावले की काम झाले असे आपण समजतो. "कालनिर्णय"चे जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी निर्णय दिला की शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी मालक होत नाही. तो रक्कम स्वीकारतो, मालकी वारसा कायद्याप्रमाणे ठरते. इतक्या जाणत्या घरात, मृत्युपत्र असतानाही हा प्रश्न उभा राहिला, तर आपल्या घरात राहणार नाही कशावरून?

नॉमिनी लावावाच, कारण त्यामुळे पैसे लवकर हाती येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नावांपर्यंत नॉमिनी देता येतात. पण ज्याच्या हाती पैसे आले त्याने ते वारसांत वाटायचे आहेत, हे घरात सर्वांना माहीत असू द्या. नॉमिनी नसेल तर बँक न्यायालयाचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते. महाराष्ट्रात वारस दाखला आजही मुंबईच्या १८२७ च्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून मिळतो, आणि त्यात महिनोन्‌महिने जातात.

लहान मुले असलेल्या तरुण बापांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नाबालिग मुलांच्या मालमत्तेची पालक आई आपोआप होत नाही, थोरला भाऊ किंवा चुलताही होत नाही. बापाने वसीयतीत आईला वसी नेमले तर तिला मिळकत सांभाळता येते. नेमले नाही आणि आजोबाही हयात नसतील तर तिला न्यायालयात अर्ज करावा लागतो. एका ओळीने बेवा बाईचे कितीतरी हेलपाटे वाचतात.

बहिणीचा हिस्सा

आता जे लिहितो ते सांगायला मला संकोच वाटतो, पण न लिहिले तर वरचा सर्व उपदेश पोकळ ठरेल.

माझे वालिद वारले तेव्हा आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण होतो. आपा वयाने आमच्याहून मोठी. आम्ही तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले, तिने न वाचता सही केली. आम्ही तिला काही दिले नाही. दर ईदला साडी आणि मुलांना ईदी पाठवत होतो आणि स्वतःची समजूत घालत होतो की बहिणीने खुशीने सोडले. काही वर्षांनी तिच्या नवऱ्याच्या आजारात तिने दागिने गहाण ठेवल्याचे दुसऱ्याकडून कळले. तिने आमच्याकडे मागितले नव्हते. मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मागितले असते तर माहेर तुटले असते."

त्या रात्री मी गल्ला मोजला नाही. आपाचा एक पंचमांश हिस्सा त्या दिवसाच्या बाजारभावाने काढला आणि आम्ही दोघा भावांनी तो चार हप्त्यांत तिला दिला. उशीर झाला ही खंत राहिली.

मृत्यूनंतर, हिशोब समजून, कोणी खरोखर खुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण आधी तिचा हिस्सा किती हे तिला सांगा, मग कागद पुढे करा. बाप हयात असताना मुलीकडून हक्कसोड लिहून घेण्याला साधारणपणे अर्थ नाही, कारण तेव्हा हक्कच निर्माण झालेला नसतो. मोबदला घेऊन असे लिहून दिले असेल तर मात्र सर्वोच्च न्यायालयाने ते लिहून देणाऱ्यांना बांधील धरले होते.

सरकारी दप्तर

कोणी वारले की तीन महिन्यांत तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसनोंदीचा अर्ज द्यावा. ई-हक्क प्रणालीवर तो घरबसल्याही देता येतो. गावठाण व शहरातील मिळकतीसाठी मिळकत पत्रिकेवर आणि नगरपरिषदेच्या घरपट्टीवर नावे लावून घ्यावीत. शेतजमिनीची वाटणी सहधारकांच्या संमतीने महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते.

आमच्याकडे २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. अशा वेळी रस्ते रुंद होतात, जमिनी संपादित होतात, भाव चढतात. ज्याचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, त्याची भरपाई वारसांचा मेळ बसेपर्यंत अडकून राहते. म्हणून पैसा येण्याआधी कागद नीट करा. पैसा आल्यावर प्रत्येकाची नजर बदलते.

या जुम्याला एवढे करा

एक नवी वही घ्या. पहिल्या पानावर स्थावर मिळकत आणि तिचे कागद कुठे आहेत ते लिहा. दुसऱ्या पानावर देणे, त्यात मेहर सर्वात वर. तिसऱ्यावर येणे आणि उधारी. चौथ्यावर बँक खाती, विमा आणि नॉमिनी. पाचव्यावर वारसांची नावे आणि आजच्या दिवसाचे त्यांचे हिस्से. हे हिस्से एखाद्या जाणत्या आलिमकडून तपासून घ्या, कागद वकिलाकडून करून घ्या. मग बायको, मुलगे आणि मुली सर्वांना एकत्र बसवून वही वाचून दाखवा. दर वर्षी एकदा ती दुरुस्त करा.

दुकानाचे शटर आपण रोज स्वतःच्या हाताने ओढतो. शेवटचे शटर कोणत्या दिवशी पडेल हे आपल्या हाती नाही, पण त्या दिवशी वही लिहिलेली असावी एवढे आपल्या हाती आहे. अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदाराचा हक्क पोहोचवण्याची तौफिक देवो. आमीन.